'ब्रीझिन' बाजारू कसा?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गिटारवाल्यांवरचा लेख छान होता, पण अमेरिकन जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या 'ब्रीझिन' या अल्बमला बाजारू म्हणून एका ओळीत उडवलंय ते काही पटलं नाही बुवा. १९७६ चा हा अल्बम, सहा ट्रॅक, त्यात तो गायलाय फक्त एकात, बाकी सगळी गिटारच, आणि तरी अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या पॉप यादीत एक नंबरला गेला! तेव्हाही जॅझच्या कट्टर समीक्षकांनी नाकं मुरडलीच, फार गुळगुळीत म्हणे. अहो, त्या एका गायलेल्या ट्रॅकमध्ये, 'धिस मास्करेड'मध्ये, तो गिटारवर वाजवतो तेच सूर सोबत तोंडाने गातो, ते हेडफोन लावून ऐका की एकदा. व्हायोलिनं जरा जास्त झालीत, हे मात्र मान्य.

– एक वाचक, नाशिक