सायकलवाट पुन्हा सुरू करण्यासाठी श्रमदान व देणगीचे आवाहन

सर्व सभासद, सायकलस्वार, पायी फिरणारी मंडळी आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

डोंगरावरची आपली सामायिक वाट बंद आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. ती खुली करायची तर मधला टप्पा नव्या रेषेवर न्यावा लागेल.

ही वाट कुदळ-फावड्याने काढणारी पहिली तुकडी आजही आपला अभिमान आहे. त्यातल्या काहींना आता चढ झेपत नाही, पण कुठल्या वळणावर कोणी दगड बसवला हे त्यांना तोंडपाठ आहे. काही न मागता आपल्या जमिनीतून वाट देणारे कुटुंब, पहिली अवजारे घेऊन देणारे निवृत्त शिक्षक (ती पहार अजून चालते!), दरवर्षी पावसाआधी गुपचूप चर मोकळे करणाऱ्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. यंदा त्याच कुटुंबाने नव्या रेषेलाही संमती दिली आणि पायी फिरणाऱ्यांच्या गटाने आखणीला हात लावला.

मधला टप्पा सरळ उताराने खाली जातो, म्हणून पावसाचे पाणी वाटेवरूनच धावते. घळ पडली, मुळे उघडी पडली, लोक बाजूने जाऊ लागले आणि वाट रुंदावत गेली. ‘सायकलवाल्यांनी डोंगर खराब केला’ हे ऐकून मन दुखावते. पाण्याने वाट धरली की चाक असो वा बूट, माती सुटतेच.

नवी वाट डोंगराच्या अंगाने आडवी जाईल. वाटेचा चढ डोंगर-उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत राहावा, हा जगभरचा अनुभवसिद्ध नियम आपण पाळणार आहोत. पृष्ठभाग दरीकडे साधारण ५ टक्के कलता आणि अधूनमधून चढ-उताराची दिशा पालटलेली, म्हणजे पाणी साचणार नाही की वाटेवरून धावणारही नाही. वाटेची पूर्ण रुंदी मूळ घट्ट मातीत खोदायची, भरावावर नाही. हेच सर्वात कष्टाचे काम. पायी येणारा लांबून दिसावा म्हणून वळणे मोकळी ठेवू. जुना टप्पा माती भुसभुशीत करून, आडवे दगड लावून, स्थानिक झुडपे लावून बुजवायचा. नाहीतर लोक आणि पाणी दोन्ही तिकडेच वळतील.

मागच्या श्रमदानाला नेहमीचेच चेहरे होते. दर आठवड्याला या वाटेचा आनंद घेणारे बहुतेक जण फिरकले नाहीत, याची खंत आहे. यंदा तसे होऊ नये. पावसापूर्वी काम उरकायलाच हवे.

दर रविवारी सकाळी, वाटेच्या पायथ्याशी. बंद बूट, हातमोजे, पाणी आणावे. कुदळ, फावडे, घमेले असल्यास उत्तम. मुलांना रोपे व खुणेच्या काड्यांचे काम. देणगी खजिनदारांकडे, पावती घ्यावीच. अवजारे व रोपेही चालतील. माती बसेपर्यंत नव्या टप्प्यावर सायकल घालू नये, फलक काढू नयेत.

आपला,
सचिव