संकट केवढं, ते बघ

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, कुणी मरत नाही असं एखादं पुस्तक सांग ना." तेव्हा हसले, पण फोन ठेवल्यावर ओशाळायला झालं. गेल्या वाढदिवसाला ते जाडजूड, पुरस्कारवालं पुस्तक मीच दिलं होतं ना? परवा तुझं कपाट आवरताना सापडलं. बसच्या तिकिटाची खूण ५४व्या पानावर, आणि पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मला मात्र तू "चांगलं आहे" म्हणाली होतीस. अगं, सांगायचं की सरळ!

आता माझा अनुभव ऐक. 'विनोदी' या शब्दावर भरवसा ठेवू नकोस. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' लोक हसायला म्हणून हातात देतात. त्यातला नारायण तू खुशाल वाच. पण अंतू बर्व्याला हसता हसता कधी घसा दाटून येतो कळत नाही, आणि नंदा प्रधान तर मी तुला रात्री निजताना मुळीच देणार नाही. एकाच पुस्तकाची ही तऱ्हा! त्यापेक्षा 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' काढ. वजन कमी करायला निघालेल्या माणसाची फजिती, बस्स. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊही तसे बिनधोक. लिहिणारा गृहस्थ पालीचा पंडित, हे वाचताना खरंसुद्धा वाटत नाही.

पुस्तक उघडलंस की त्यातल्या माणसांवर आलेलं संकट केवढं आहे, ते आधी बघ. मी हल्ली तेवढंच बघते. वुडहाउस या इंग्रज विनोदी लेखकाच्या, ब्लँडिंग्ज नावाच्या गढीतल्या गोष्टींत एक बक्षीसपात्र डुकरीण आहे. एका गोष्टीत ती खाणं सोडते आणि तिच्या मालकाच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या लॉर्डच्या, तोंडचं पाणी पळतं. त्या जगात याहून भयंकर काही घडतच नाही. हलकं लिहिणाऱ्याने दुःख पाहिलेलं नसतं, असं तुझे मित्र म्हणत असतील तर त्यांना सांग, १९४०मध्ये जर्मनांनी या वुडहाउसला स्थानबद्ध केलं होतं, आणि छावणीतही तो विनोदी कादंबरीच लिहीत होता. मला तरी यात पळपुटेपणा दिसत नाही.

जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' मात्र घेच. १८८९चं पुस्तक, पण शिळं झालेलं नाही. होडीतून सहलीला निघालेल्या तिघांना अननसाचा डबा सापडतो आणि डबा फोडायचं हत्यारच आणलेलं नसतं. चाकू झाला, कात्री झाली, होडीचा आकडा झाला, शेवटी डोलकाठीने ठोकाठोकी! डबा चेपतो, वाकतो, पण फुटत नाही. मी हे तुझ्या बाबांना वाचून दाखवायला गेले आणि मला पुढे वाचताच येईना.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. याच पुस्तकात सोळाव्या प्रकरणाच्या शेवटी नदीतून एका बाईचं प्रेत वाहत येतं. एवढ्या खेळकर पुस्तकात त्याने ते का घातलं, देव जाणे. थोडाच मजकूर आहे. सरळ पानं उलट, गोष्टीचं काही बिघडत नाही. आणि हो, शेवट आधी वाचून घ्यायलाही माझी पूर्ण परवानगी आहे. मी स्वतः करते, तुझ्या बाबांना सांगू नकोस.

खून असलेल्या रहस्यकथा तुला चालतील का, ते कळव. काही अगदी कोडं सोडवावं तशा असतात, पण कुणी मरायलाच नको असेल तर त्या बाद.

५४व्या पानावरचं तिकीट काढून मी जेरोममध्ये घातलंय, पुस्तक उद्या पाठवते. अननसाच्या डब्यापाशी पोचलीस की फोन कर. रात्रीचे बारा वाजले असले तरी कर.

तुझी,
आई