संत्र्याचे रानातले नातेवाईक जपा

महोदय,
संत्रा बागांतील डिंक्या रोगावर (साल तडकून डिंक पाझरण्याच्या रोगावर) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. रोगाला तोंड देणारे खुंट, म्हणजे ज्यावर कलम करतात ती मुळाकडची झाडे हवीत, हे पटले. मात्र त्यासाठी रोपवाटिकेतील संग्रह पुरेसे आहेत, हे लेखातील मत मान्य करता येत नाही. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. जोडाजवळची साल तडकून डिंक पाझरू लागला की झाडाची मदार या खुंटावरच असते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. असा काटकपणा रानातल्या जातींत शोधावा लागतो. मेघालयातील गारो टेकड्यांत नोक्रेकच्या जंगलात ‘मेमांग नारंग’ हे रानटी संत्रे आजही आपोआप उगवते. १९८८ मध्ये या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीत त्याचा समावेश झाला. लिंबूवर्गीय बियाणे धान्यासारखे वाळवून वर्षानुवर्षे साठवणे अवघड असते. शिवाय संग्रहातील झाड जिथल्या तिथे थांबते, तर जंगलातील झाड बुरशी, कीड आणि बदलत्या पावसाशी झगडत पिढ्यान्‌पिढ्या बदलत राहते. म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने तिथल्या गारो गावकऱ्यांना सोबत घेऊन या झाडांची जागच्या जागी नोंद व राखण करावी आणि त्यासाठी आपल्या राज्य सरकारने निधीची तरतूद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक संत्रा उत्पादक, वरुड (जि. अमरावती)