सईस पत्र : टिळकांवर बोलण्याआधी वार बघ

बडोदे, दांडिया बाजार
१० जुलै

चि. सईस आईचे अनेक आशीर्वाद.

१ ऑगस्टच्या भाषणाचा मसुदा वाचला. ‘टिळक : थोर, पण सनातनी’ हे शीर्षक आधी काढून टाक. असल्या ‘पण’मुळे अर्धी सभा सुरुवातीलाच हाताची घडी घालून बसते आणि उरलेली अर्धी टाळ्या वाजवायला टपून असते. ऐकत कोणीच नाही.

दुसरं म्हणजे तुझी अवतरणं. सातांपैकी चार मोबाइलवर फिरणारी दिसतात. ती तपासायची सोपी रीत सांगते. ‘केसरी’ मंगळवारी निघायचा आणि इंग्रजी ‘मराठा’ रविवारी. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा, तो मंगळवार. १५ जून १८९७, १२ मे १९०८, ९ जून १९०८ हे खटल्यांत गाजलेले अंकही मंगळवारचेच. अवतरणाखालच्या तारखेचा वार काढ. तो मंगळवार नसेल तर तारीख तरी चुकली आहे किंवा वाक्य तरी कुणी घरी बसून रचलं आहे.

वार जुळला तरी लगेच खूश होऊ नकोस. केसरीतल्या अग्रलेखांखाली सही नसे. १८८७पर्यंत संपादक आगरकर होते, तेव्हा त्याआधीचा लेख परस्पर टिळकांच्या खात्यावर टाकता येत नाही. जून १९०८ ते जून १९१४ टिळक कैदेत, त्यातला बहुतेक काळ मंडालेला. त्या सहा वर्षांतलं केसरीचं वाक्य त्यांच्या नावावर खपवलंस तर परीक्षक तिथेच पकडतील. तुझं पाचवं अवतरण नेमकं १९११चं आहे!

आता मूळ मुद्दा. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला, एवढंच तू लिहिलंस. मार्च १८९१च्या त्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं संमतीचं वय १०वरून १२ झालं, नवराबायकोतही. विरोध झाला हे खरंच. पण त्याआधी १८९०त टिळकांनीच सुधारकांपुढे एक करारनामा ठेवला होता. मुलीचं लग्न १६च्या आत आणि मुलाचं २०च्या आत करायचं नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचं नाही आणि करायचंच तर विधवेशी, हुंडा बंद, विधवेचं केशवपन बंद. ज्यांना पटतं त्यांनी सही करून स्वतःपासून सुरू करावं, परक्या सरकारच्या दंडुक्याने नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सरकारी कायद्याच्या १२पेक्षा १६ पुढेच होतं. त्यांचे समर्थक इथे थांबतात, आणि गफलत इथेच होते.

कारण हा युक्तिवाद घासून बघायला आपलं बडोदं आहे. इथे परकं सरकार कायदा करत नव्हतं. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी केली, मुलीला १२ आणि मुलाला १६ ही वयं ठरवून. १९०६ला सक्तीचं मोफत शिक्षण साऱ्या राज्यात लागू केलं, मुलींसकट. वेदोक्ताचंही, म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी धर्मकृत्यं करण्याचंही तेच. कोल्हापूरच्या आधी बडोद्याच्या राजवाड्यात धर्मकृत्यं वेदोक्त पद्धतीने सुरू झाली होती. मग पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला भटजी पुराणोक्त मंत्र म्हणतो हे उघड झालं, महाराजांनी वेदोक्त मागितलं आणि वाद पेटला. पुराणोक्त म्हणजे शूद्रांसाठीचे मंत्र. छत्रपतींच्या वंशजाला शूद्र ठरवायचं, असा त्याचा सरळ अर्थ. केसरीने २२ आणि २९ ऑक्टोबर १९०१च्या अंकांत (बघ, दोन्ही मंगळवार) या मागणीविरुद्ध लिहिलं.

आता सांग, या प्रकरणात परकं सरकार कुठे होतं? मागणारा राजा आपला, पुरोहित आपला, मंत्रही आपलेच. १८९१चा बचाव १९०१ला लागू पडत नाही. त्यातही १८९५ला रायगडावरच्या शिवसमाधीसाठी याच केसरीने लोकांकडून वर्गणी मागितली होती. तुझ्या भाषणाचा कणा हा हवा. ‘सनातनी’ म्हणून शिक्का मारण्यापेक्षा त्यांचाच तर्क त्यांना लावून दाखव. ते जास्त लागतं.

दुसरी बाजू मात्र कापू नकोस. १८८२च्या कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी १०,००० रुपयांची हमी जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दिली. १९०८ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. विरोधक त्यांना कुचेष्टेने ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणत. ते नाव चिकटलं ते उगाच नाही. त्या खटल्यातला पंचांचा ७ विरुद्ध २ हा कौल एका ओळीत उरक, त्यावर दोन मिनिटं घालवू नकोस. ते सगळ्यांना पाठ आहे.

शेवटाला मार्च १९१८ ठेव. मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद, विठ्ठल रामजी शिंद्यांनी भरवलेली, अध्यक्ष आपले सयाजीराव. टिळक व्यासपीठावरून म्हणाले की देव अस्पृश्यता मानू लागला तर मी त्याला देव म्हणणार नाही. मग स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. टिळकांनी सही केली नाही. आता १८९० आठव. तेव्हा हेच सुधारकांना म्हणत होते की बोलू नका, सही करा. एवढं सांगायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. त्यावर ‘यावरून आपल्याला दिसते की’ लावलंस तर सगळं पाणी.

वेळ धर. करारनाम्याला दोन मिनिटं, वेदोक्ताला तीन, १९१८ला दीड, बाकी सगळं मिळून साडेतीन. ‘वेदोक्त’ आणि ‘पुराणोक्त’ सभेत बहुतेकांना कळणार नाहीत, तेव्हा अर्थ शब्द उच्चारताक्षणीच सांग, नंतर नको. टिळकांना ‘लोकमान्य’ म्हणायचं तर शेवटपर्यंत म्हण. चुका दाखवताना नुसतं ‘टिळक’ आणि कौतुकात ‘लोकमान्य’, असं तुझ्या मसुद्यात झालंय.

दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव, अवतरणांपुढे वार लिहून. कुरियरने लीलो चिवडो पाठवलाय. ओलसर असतो, दोन दिवसांत संपव.

तुझी,
आई