खगोलभौतिकीच्या पेपरला प्रात्यक्षिक हवेच

संपादक महोदय,

बी.एस्सी.ला खगोलभौतिकी घेणारी मुले मोठ्या हौसेने वर्गात येतात. वर्षअखेर त्यांना चंद्रशेखर मर्यादा तोंडपाठ असते, साहा समीकरणाची सिद्धता चार पानांत लिहिता येते. पण एकाही ताऱ्याचे अंतर त्यांनी स्वतः काढलेले नसते. मी मराठवाड्यात हा विषय शिकवतो आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुर्बीण नाही, ही सबब आता चालणार नाही. युरोपच्या ‘गाया’ यानाने जवळपास 200 कोटी ताऱ्यांची मोजमापे केली आणि ती सर्वांना मोफत खुली आहेत. कृत्तिकांचेच घ्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. कृत्तिकांसाठी हे सरकणे, म्हणजे पराशय, सुमारे 7.4 मिलिआर्कसेकंद (0.0074 आर्कसेकंद; आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) भरतो. 1 ला आर्कसेकंदातल्या पराशयाने भागले की अंतर पार्सेक या एककात मिळते: 1 ला 0.0074 ने भागा, 135 पार्सेक आले. म्हणजे सुमारे 440 प्रकाशवर्षे. दहावीच्या गणिताच्या पलीकडचे यात काही नाही.

खरी गंमत पुढे आहे. गायाच्या आधीच्या ‘हिप्पार्कस’ उपग्रहाने हेच अंतर 120 पार्सेकच्या आसपास दिले होते. ते खरे मानले तर कृत्तिकांमधले तारे इतके जवळ असल्याने सिद्धांत सांगतो त्यापेक्षा मूळचेच कमी तेजस्वी ठरत होते. चूक उपग्रहाची की ताऱ्यांविषयीच्या आपल्या समजुतीची, यावर खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे भांडले. गायाच्या मोजणीने सिद्धांताची बाजू सावरली. हा वाद मुलांनी स्वतः आकडे मांडून सोडवावा. त्याच ताऱ्यांचा रंग आणि तेज आलेखावर मांडले की मुख्य क्रम, म्हणजे बहुतेक तारे ज्यात येतात तो पट्टा, डोळ्यांसमोर उभा राहतो आणि तो वर कुठे तुटतो त्यावरून समूहाचे वयही काढता येते. व्याख्या लिहून घेऊन हे कधीच कळत नाही.

आमच्या भागासाठी तर हे फार निकडीचे आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशकाळातले तरंग) टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रथम सापडलेल्या गुरुत्वीय लहरींची नोंदही आज कोणीही उतरवून घेऊ शकतो. प्रकल्प दारात आला आणि आमची मुले फक्त रखवालदारीच्या जागांसाठी अर्ज करत राहिली, असे होऊ नये.

पुण्याची आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र) 1988 मध्ये विद्यापीठांच्याच सोयीसाठी स्थापन झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तिची मदत मागता येईल. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे, की या पेपरचे निम्मे गुण संगणकावरील प्रात्यक्षिकाला द्यावेत. त्यासाठी महाविद्यालयात आधीच असलेली संगणक प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार मिळाली तरी पुरे.

– एक प्राध्यापक, नांदेड