चेक जेवणाची खरी ओळख पर्यटकांना व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलीवरील लेखांत प्रागचा उल्लेख आला, की खाण्यापिण्याच्या परिच्छेदात हमखास एकच पदार्थ झळकतो. तो म्हणजे फिरत्या दांड्याला गुंडाळून भाजलेला, साखर आणि दालचिनीत घोळवलेला तर्देलनिक. गर्दीच्या रस्त्यांवर तो बोहेमियाचा, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागाचा, जुना पदार्थ म्हणून विकला जातो आणि आपल्याकडेही तसाच छापला जातो. वास्तविक त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप सीमेपलीकडच्या स्लोव्हाकियातील स्कालित्सा या गावचे असून, त्याच गावाच्या नावाने त्याला २००७ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आइस्क्रीम भरलेला प्रकार तर अगदी अलीकडचा आहे. तर्देलनिक खाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु तेवढाच खाऊन परतणाऱ्यांना चेक स्वयंपाकाची चवच कळत नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

या स्वयंपाकाचा गाभा म्हणजे दाट सॉस आणि तो टिपून घेणारा क्नेडलीक. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात शिळ्या पावाचे तुकडे घालून, यीस्टने फुगवलेल्या कणकेचा लांबट गोळा पाण्यात उकडतात किंवा वाफवतात आणि त्याचे काप ताटात मांडतात. मऊ काप दबू नयेत म्हणून अनेक घरांत ते सुरीऐवजी दोऱ्याने कापले जातात. आपल्याकडे आमटी-भाजीसोबत पोळी जे काम करते, तेच तिथे क्नेडलीक करतो, म्हणून तो नुसता चाखून ‘बेचव’ ठरवणे अन्यायाचे आहे. स्विच्कोवा हा या परंपरेतला सर्वांत मानाचा पदार्थ. गाजर, सेलरीचा कंद आणि पार्सलीचे मूळ तमालपत्र व मिरीसह मांसाबरोबर मंद आचेवर शिजवून, नंतर या भाज्या वाटून त्यांत क्रीम मिसळतात, आणि ताटात लिंबाची चकती व क्रॅनबेरीचा आंबटगोड मुरंबा ठेवतात. मात्र हे मांस गोमांस असते आणि गुलाश हा मांसाचा दाट रस्साही बहुधा गोमांसाचाच असतो, ही गोष्ट आपल्या वाचकांसाठी लिहिताना स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही, कारण पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) आणि क्रीमच्या सॉसमधले कोंबडीचे मांस त्याच क्नेडलीकसोबत मिळते, आणि कोबीबरोबर वाढलेले भाजलेले बदकही तितकेच अस्सल आहे.

शाकाहारी प्रवाशांना तिथे उपाशीच राहावे लागते, हा समज मला विशेष खटकतो. कोप्रोव्का हा शेपूचा क्रीमयुक्त सॉस उकडलेल्या अंड्याबरोबरही वाढला जातो. दक्षिण बोहेमियातील कुलाय्दा या सूपमध्ये बटाटे, अळंबी, शेपू, क्रीम आणि वर एक अंडे असते. बटाट्याच्या सूपला सुकवलेली अळंबी आणि मार्जोरम ही सुगंधी वनस्पती यांचा असा सुगंध येतो, की जंगलात अळंबी वेचण्याचे चेक लोकांना एवढे वेड का, हे पहिल्याच चमच्याला पटते. नाताळच्या आदल्या दिवशी केला जाणारा कुबा म्हणजे जव, अळंबी आणि लसूण एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला साधा, खमंग पदार्थ. सावधगिरी मात्र हवी: सूपचे पाणी बऱ्याचदा हाडांचे असते, आणि कुबा किंवा ब्राम्बोराक या बटाट्याच्या धिरड्यामध्ये डुकराची चरबी वापरलेली असू शकते, म्हणून विचारूनच मागवावे. मेनूवर पदार्थापुढे १ ते १४ पर्यंतचे आकडे दिसतात. ते युरोपीय नियमांनुसार द्यावयाच्या ॲलर्जीच्या माहितीचे असतात. ३ म्हणजे अंडे, ४ म्हणजे मासे, ७ म्हणजे दूध. अंडे न खाणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, परंतु कोंबडी, गाय किंवा डुक्कर यांच्या मांसासाठी त्यांत आकडाच नाही, हे विसरून चालणार नाही.

गोड पदार्थांत माझे मत निःसंशय फळांच्या क्नेडलीकला आहे. आख्खे जर्दाळू, आलुबुखार किंवा स्ट्रॉबेरी कणकेत गुंडाळून उकडतात आणि वर त्वारोह हे ताजे चीज किंवा दळलेली खसखस, साखर व वितळलेले लोणी घालतात. हे केवळ जेवणानंतरचे मिष्टान्न नव्हे. चेक घरांत ते मुख्य जेवण म्हणूनही खातात. पूर्वेकडे मोराव्हियाच्या वलाख प्रदेशात गेल्यास फ्रगाल जरूर खावा. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या या पातळ, गोल बेकरी पदार्थावर नासपती, खसखस किंवा आलुबुखाराचा थर असतो आणि २०१३ पासून त्याला युरोपीय मानांकन आहे. ओलोमोऊत्सच्या नावाने ओळखले जाणारे, लोश्तित्से येथे बनणारे त्वारूझ्की चीज उग्र वासामुळे अनेकांना दूर ठेवते; पाव, लोणी आणि कांद्याबरोबर एकदा धीर करून पाहावे. बिअरविषयी इतके लिहिले जाते, की मी येथे काही भर घालत नाही.

हे सारे कधी आणि कुठे खावे, हे सांगणे पदार्थांच्या नावांइतकेच महत्त्वाचे आहे. कामाच्या दिवशी सकाळी ११ पासून दुपारी २ च्या सुमारापर्यंत साध्या उपाहारगृहांत रोज बदलणारे दुपारचे जेवण असते. तेथे कचेरीतले लोक आधी सूप आणि मग एक मुख्य पदार्थ घेतात, आणि त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या कोरुना (चेक चलन) प्रागच्या जुन्या चौकातील दरांपेक्षा बऱ्याच कमी असतात. उशीर केल्यास चांगले पदार्थ संपतात. ऋतूही पाहावा: ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला भाजलेला हंस आणि तांबडा कोबी, तर डिसेंबरात कार्प मासा व बटाट्याचे सॅलड. दक्षिण बोहेमियातील ज्या तळ्यांतून हा मासा येतो, त्यांपैकी रोझ्मबेर्क हे सर्वांत मोठे तळे याकुब क्रचीन या तळी बांधणाऱ्या तज्ज्ञाने १५८४ ते १५९० दरम्यान बांधले आणि शरद ऋतूत ते रिकामे करून आजही मासेमारी होते.

आपल्या पर्यटन पुरवणीने प्रागवर पुन्हा लिहिताना मांसाचा प्रकार, चरबीचा वापर आणि शाकाहारी पर्याय यांची नोंद प्रत्येक पदार्थासोबत द्यावी, अशी विनंती आहे. सहल आयोजकांनीही प्रत्येक दुपारी भारतीय भोजनाची सोय करण्याऐवजी किमान एक दुपार अशा चेक उपाहारगृहासाठी राखून ठेवावी आणि तेथे शाकाहारी प्रवाशांसाठी आधीच विचारणा करून ठेवावी.

कळावे,
आपला नियमित वाचक