टाइप-सी चार्जरची खरी क्षमता ठळकपणे छापणे सक्तीचे करा

महोदय,

महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास अनेक घरांत मुलांसाठी लॅपटॉप घेतला जातो आणि पुढे केव्हातरी त्याचा चार्जर हरवला किंवा बिघडला की पालक दुसरा चार्जर शोधत दुकानात जातात. तेथे 'टाइप-सी आहे ना, मग कोणताही चालेल' असे सर्रास सांगितले जाते. हे सांगणे अर्धवट असून त्यात ग्राहकाचे पैसे वाया जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पिन बसली म्हणजे लॅपटॉपला पुरेशी वीज मिळेलच असे नाही. 'यूएसबी पॉवर डिलिव्हरी' (संक्षेपाने 'पीडी') या पद्धतीत किती व्होल्ट आणि किती अँपिअर द्यायचे हे चार्जर व लॅपटॉप जोडणी होताच आपसांत ठरवतात. सुरुवात ५ व्होल्टने होते आणि पुढे ९, १५ व २० व्होल्टचे टप्पे असतात. हलक्या लॅपटॉपला ३० ते ४५ वॅट पुरतात. कार्यालयीन कामाच्या अनेक लॅपटॉपना ६५ वॅट, म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर लागतात. हा आकडा मूळ अ‍ॅडॉप्टरवर 'आउटपुट' या शब्दापुढे बारीक अक्षरांत असतो आणि नवा चार्जर त्यावरूनच निवडायला हवा. जास्त वॅटच्या चार्जरने लॅपटॉप जळेल ही भीती मात्र निराधार आहे, कारण प्रमाणित चार्जर १०० वॅटचा असला तरी लॅपटॉप मागेल तेवढीच वीज तो देतो. त्रास होतो तो कमी क्षमतेच्या चार्जरमुळे: लॅपटॉप एक तर चार्ज होत नाही, किंवा चार्जर लावलेला असूनही काम करताना बॅटरी उतरत राहते.

सर्वांत मोठी फसगत फोनच्या चार्जरबाबत होते. त्यावर ८० वॅट असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. परंतु काही फोन उत्पादकांच्या चार्जरमध्ये ती क्षमता केवळ त्यांच्या स्वतःच्या जलद चार्जिंग पद्धतीपुरती असते आणि लॅपटॉपला तेथून त्याचा लहानसा अंशच मिळतो. अशा वेळी वॅटच्या आकड्याबरोबरच चार्जरवर 'पीडी' असा उल्लेख आणि २० व्होल्टची नोंद आहे का, हे पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

केबलकडे तर कोणी लक्षच देत नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज वाहते, त्यामुळे २० व्होल्टला ती ६० वॅटच्या पुढे जात नाही. त्याहून अधिक वीज हवी असेल तर आपली क्षमता चार्जरला कळवणारी चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. उत्तम चार्जर घेऊन फोनची जुनी केबल वापरणाऱ्याला दोष चार्जरचाच वाटतो. दोन-तीन पोर्टच्या चार्जरवरील आकडाही बहुधा एकूण क्षमतेचा असतो आणि फोन सोबत लावताच लॅपटॉपच्या वाट्याची वीज घटते. शिवाय प्रत्येक लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी नसते. काही ठिकाणी ते केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी दिलेले असते.

युरोपीय संघाने फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी बंधनकारक करताना, उपकरणाला किमान व कमाल किती वॅट लागतात आणि ते 'पीडी' पद्धतीवर चालते का, हे लेबलवर छापण्याचीही सक्ती केली. माझ्या मते त्या नियमाचा ग्राहकाला होणारा खरा उपयोग या लेबलातच आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सी पोर्ट स्वीकारण्यावर सर्वसाधारण सहमती झाली आणि भारतीय मानक ब्युरोने त्यासाठीचे मानकही प्रसिद्ध केले आहे. पोर्टच्या आकाराबरोबर क्षमतेच्या लेबलाचाही आग्रह केंद्र सरकारने धरावा. चार्जरवर प्रत्येक पोर्टची स्वतंत्र क्षमता आणि सर्व पोर्ट वापरात असतानाची विभागणी असावी, तर केबलच्या टोकावर ६०, १०० किंवा २४० वॅट यांपैकी योग्य तो आकडा कोरलेला असावा.

तोवर ग्राहकांनी एवढे तरी करावे की, अ‍ॅडॉप्टरवर मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा आणि तो 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर दुकानातच तपासून घ्यावा. क्रमांक नसेल किंवा तो दुसऱ्याच उत्पादकाच्या नावावर निघाला, तर चार्जर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आपला,
एक वाचक, सातारा